मल्टी-कोअर राउटर किती ओढेल? पॅकेट, कोअर आणि पोर्ट यांचा हिशेब

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ग्राहकांचे फोन सुरू झाले: व्हिडिओ अडकतोय, गेममध्ये पिंग उडतोय. राउटरच्या डॅशबोर्डवर सीपीयू ३५ टक्के दिसत होता आणि अपस्ट्रीमची (आम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडची) १० गिगाबिटची लिंक निम्मीच भरली होती. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक कोअर, म्हणजे सीपीयूतला स्वतंत्र काम करणारा भाग, वेगळा उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. एक कोअर १०० टक्क्यांवर अडकला होता आणि बाकीचे विशी-तिशीत रेंगाळत होते. चूक आमच्याच मांडणीत होती: आम्ही सगळ्या ग्राहकांच्या क्यू (वेग बांधणाऱ्या रांगा) वरच्या एकाच पॅरेंट क्यूखाली घातल्या होत्या. त्यामुळे कोअर कितीही असले तरी सगळं ट्रॅफिक एकाच दारातून जात होतं.

तालुक्याच्या गावात इंटरनेट पुरवणारे, केबलवाले, महाविद्यालयाचं किंवा कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारे अशा अनेकांवर आज मोठा राउटर घ्यायची वेळ येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं मी मायक्रोटिकच्या सीसीआर मालिकेतली घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या छोट्या आयएसपींच्या रॅकमध्ये ती खूप दिसते. हिशेबाची पद्धत मात्र कुठल्याही कंपनीच्या राउटरला लागू पडते.

पायरी १: आपला भार पॅकेटमध्ये मोजा

राउटरला काम पडतं ते दर पॅकेटमागे. पॅकेट ६४ बाइटचं असो की १५१८ बाइटचं, पत्ता पाहणं, राउट शोधणं आणि फायरवॉलचे नियम लावणं ही मेहनत जवळजवळ सारखीच असते. म्हणून ‘१० गिगाबिट चालेल का?’ या प्रश्नाला तसा अर्थ नाही. दर सेकंदाला किती पॅकेट, हा खरा प्रश्न आहे.

इथरनेटवर प्रत्येक फ्रेमबरोबर आणखी २० बाइटची जागा जाते: ८ बाइट प्रीॲम्बलची आणि १२ बाइट दोन फ्रेममधल्या मोकळ्या अंतराची. म्हणजे ६४ बाइटची फ्रेम तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट व्यापते. त्यावरून १ गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला जास्तीत जास्त १४.८८ लाख पॅकेट बसतात, १० गिगाबिटवर १.४९ कोटी, २५ गिगाबिटवर ३.७२ कोटी आणि १०० गिगाबिटवर १४.८८ कोटी. फ्रेम १५१८ बाइटच्या असल्या तर हेच आकडे धाडकन खाली येतात: १ गिगाबिटवर ८१ हजार आणि १० गिगाबिटवर ८ लाख १३ हजार.

आता आपल्याकडचं चित्र घ्या. समजा, संध्याकाळच्या गर्दीत डाउनलोड ८ गिगाबिट आहे आणि पॅकेटची सरासरी १००० बाइट आहे. झाले सेकंदाला १० लाख पॅकेट. अपलोड फक्त ०.८ गिगाबिट आहे, पण त्यात बहुतेक पॅकेट ‘मिळालं, मिळालं’ अशी पोच देणारी छोटी टीसीपी पॅकेट असतात. सरासरी २०० बाइट धरली तर तीही ५ लाख होतात. बँडविड्थ दहाव्या हिश्शाची आणि पॅकेट निम्मी! फक्त डाउनलोडचा आकडा पाहून राउटर घेणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

तुमचा खरा आकडा काढायला इंटरफेसवर बिट आणि पॅकेट हे दोन्ही वेग दिसतात. बिटला ८ ने भागा, आलेल्या बाइटना पॅकेटच्या संख्येने भागा, की सरासरी हातात येते. हे आयपीएलच्या सामन्याच्या रात्री करा, मंगळवारी दुपारी नको. मोजताना प्रत्येक पॅकेट एकदाच धरा. ते आत येताना एका इंटरफेसवर आणि बाहेर जाताना दुसऱ्यावर दिसतं, म्हणून दोन्ही बाजू बेरजेत घेतल्या तर आकडा दुप्पट होईल.

याच पायरीवर हल्ल्याचाही विचार करून ठेवा. वरच्या उदाहरणात संध्याकाळचा पूर्ण भार १५ लाख पॅकेटचा आहे. कोणी फक्त १ गिगाबिटचा, पण ६४ बाइटच्या पॅकेटचा मारा केला तर तो एकटाच जवळजवळ तितकी पॅकेट आणतो. ग्राफवर १ गिगाबिटची छोटी टेकडी दिसते, आणि राउटरवरचा भार मात्र दुप्पट झालेला असतो.

पायरी २: कंपनीचा तक्ता उलटा वाचा

मायक्रोटिक आपल्या प्रत्येक राउटरच्या पानावर चाचणीचा तक्ता देते. त्यात १५१८, ५१२ आणि ६४ बाइट असे तीन आकार असतात आणि ब्रिजिंग व राउटिंगच्या वेगवेगळ्या ओळी असतात. एका ओळीत काहीच नियम नसतात, फक्त फास्ट पाथ, म्हणजे पॅकेटची जलद वाट. दुसरीत २५ सिंपल क्यू असतात. तिसरीत २५ आयपी फिल्टर नियम असतात. जाहिरातीत येतो तो बहुतेक वेळा डाव्या वरच्या कोपऱ्यातला आकडा, म्हणजे मोठं पॅकेट आणि शून्य नियम.

तुम्ही फिल्टर नियमांच्या ओळीत ५१२ बाइटचा रकाना पाहा. गिगाबिटचा आकडा सोडा आणि पॅकेटचा घ्या. मग शेजारचे रकाने ताडून पाहा. ५१२ आणि ६४ बाइटला पॅकेटचा आकडा जवळपास सारखाच असेल, तर सीपीयूची दमछाक तिथे झाली आहे. १५१८ बाइटला पॅकेट कमी होऊन गिगाबिटचा आकडा पोर्टच्या बेरजेशी जाऊन टेकत असेल, तर तिथे सीपीयू अजून ताजा आहे आणि पोर्ट संपले आहेत. या एका नजरेत यंत्राचा स्वभाव कळतो.

आकारांच्या मिश्रणासाठी उद्योगात आयमिक्स नावाचं प्रमाण वापरतात: ७ छोटी पॅकेट, ४ मध्यम, १ मोठं. आयपी पॅकेट ४०, ५७६ आणि १५०० बाइटची धरली तर सरासरी ३४० बाइट येते. या मिश्रणाने १० गिगाबिटची लिंक भरायला सुमारे ३३ लाख पॅकेट लागतात. व्हिडिओमुळे आपली खरी सरासरी त्याहून मोठी असते, त्यामुळे आयमिक्सवर टिकणारा राउटर घरगुती ग्राहकांच्या भाराखाली सहसा टिकतो.

माझा स्वतःचा नियम: तक्त्यातल्या त्या आकड्याच्या निम्म्यावर आपला आजचा गर्दीचा भार बसला पाहिजे. तुमच्या नियमांची यादी २५ वर थांबणार नाही, आणि तक्त्यात पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन करून चालणारं सेशन), नॅट (अनेकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटणं) व लॉगिंग एकत्र नसतं.

पायरी ३: एका कोअरची मर्यादा शोधा

या पायरीवर थोडं थांबायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात.

२ गिगाहर्ट्झचा एक कोअर सेकंदाला २०० कोटी सायकल (घड्याळाचे ठोके) फिरतो. १० गिगाबिटच्या पोर्टवर सगळी पॅकेट ६४ बाइटची आली तर एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे १३४ सायकल. एवढ्या वेळात मुख्य मेमरीतून धड एक वाचनही पुरं होईल याची खात्री नाही. लिनक्सच्या कर्नलमधून जाणारं साधं पॅकेट हजाराच्या घरात सायकल खातं. नियम, क्यू आणि नॅट जोडले की आकडा वाढत जातो. म्हणून काम अनेक कोअरवर वाटावं लागतं.

वाटणीला मात्र एक अट आहे. एकाच कनेक्शनची पॅकेट वेगवेगळ्या कोअरवर गेली तर पुढची आधी आणि मागची नंतर बाहेर पडतात, आणि टीसीपीला वाटतं की पॅकेट हरवलं. म्हणून राउटर आयपी पत्ते आणि कनेक्शनचे पोर्ट क्रमांक यांचा हॅश (त्यांच्यावरून येणारा एक आकडा) काढून एक प्रवाह एकाच कोअरवर बांधतो. हजारो ग्राहक असले की वाटणी आपोआप समान होते. पण दोन शाखांमधला एकच बोगदा (टनेल कनेक्शन) किंवा एकच मोठी बॅकअपची प्रत असली, तर ७२ कोअरमधला एकच राबतो.

पीपीपीओईत आणखी एक अडचण येते. काही नेटवर्क चिप पीपीपीओईच्या आवरणाच्या आत डोकावून आयपी पत्ता वाचू शकत नाहीत. मग सगळ्या फ्रेम एकाच रांगेत, म्हणजे एकाच कोअरवर पडतात. संगणकावर सॉफ्टवेअर राउटर बांधणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तिथे लिनक्समधली सॉफ्टवेअरने वाटणी करणारी सोय चालू करावी लागते.

क्यूचंही तसंच आहे. मायक्रोटिकच्या राउटरओएस या कार्यप्रणालीत वरच्या पातळीची एक सिंपल क्यू, तिच्या खालच्या सगळ्या क्यूंसकट, एका वेळी एकाच कोअरकडे असते. म्हणून सगळ्या गावाला एक पॅरेंट क्यू देऊ नका. विभागवार निदान कोअरच्या संख्येइतक्या तरी वरच्या पातळीच्या क्यू ठेवा, नाहीतर पॅरेंट न ठेवता प्रत्येक ग्राहकाची क्यू वेगळी राहू द्या. सुरुवातीला सांगितलेल्या रात्री आम्ही हेच केलं, आणि वीस मिनिटांत फोन थांबले.

जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे आकड्यांत पाहता येतो. कामाचा फक्त ५ टक्के भाग वाटता येत नसेल, तर १६ कोअर मिळून एका कोअरच्या ९ पट काम करतात, ३६ कोअर १३ पट आणि ७२ कोअर जेमतेम १६ पट. ३६ चे ७२ केल्यावर किंमत किती वाढते आणि हाती काय लागतं, ते ताडून पाहा.

म्हणूनच सीसीआरच्या दोन पिढ्यांची तुलना बोलकी आहे. सीसीआर१०३६ मध्ये १.२ गिगाहर्ट्झचे ३६ कोअर, सीसीआर१०७२ मध्ये १ गिगाहर्ट्झचे ७२. ही चिप टायलेरा कंपनीची. एमआयटीचे प्राध्यापक अनंत अगरवाल यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली ती कंपनी, आणि त्यामागची कल्पना फार सुंदर होती: छोटे कोअर फरशांसारखे मांडायचे आणि त्यांच्यामध्ये चिपच्या आतच जाळं विणायचं. नव्या सीसीआर२११६ आणि सीसीआर२२१६ मध्ये मात्र २ गिगाहर्ट्झचे १६ एआरएम कोअर आहेत. गिगाहर्ट्झची नुसती बेरीज केली तर जुनं ७२ आणि नवं ३२, तरीही एका कोअरची ताकद लागते तिथे नवं यंत्र पुढे निघून जातं. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीतून टायलेराच्या रचनेचा आधारही काढून टाकला गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना ३६ कोअरचा राउटर स्वस्तात दिसला, तर हे लक्षात ठेवून भाव करा. साध्या राउटिंगला तो आजही उपयोगी आहे.

बीजीपीचाही (नेटवर्कनी एकमेकांना राउट कळवायची पद्धत) विषय इथलाच. राउटरओएसच्या ६व्या आवृत्तीत बीजीपीची प्रक्रिया एकाच कोअरवर चालायची. त्यामुळे पूर्ण इंटरनेटची राउटिंग यादी घेताना कोअरची संख्या कामाला येत नव्हती. ७व्या आवृत्तीत हे काम अनेक प्रक्रियांत वाटलं गेलं. आज आयपीव्ही४ ची पूर्ण यादी ९ लाखांच्या वर आहे. मात्र एकच अपस्ट्रीम असेल तर ती यादी घेऊच नका, सगळं एकाच दिशेला पाठवणारा डीफॉल्ट राउट पुरतो. दोन अपस्ट्रीम आणि निक्सीसारखं एक्स्चेंज (नेटवर्कनी एकमेकांना जोडायचं ठिकाण) असेल तर डीफॉल्टसोबत निवडक राउट घ्या. पूर्ण यादीची गरज वाटते त्यापेक्षा फार कमी जणांना असते.

पायरी ४: ब्लॉक डायग्राम उघडा

पुढच्या पॅनेलवरचे पोर्ट मोजून काही कळत नाही. त्यांच्या मागे काय आहे ते पाहायला हवं. बहुतेक चांगल्या कंपन्या राउटरचा ब्लॉक डायग्राम देतात. तो छापून घ्या आणि पेन्सिलीने आपलं पॅकेट त्यात चालवून पाहा: कुठल्या पोर्टने आत आलं, कुठल्या स्विच चिपमधून गेलं, सीपीयूपर्यंतची वाट किती रुंद आहे.

सीसीआर२००४-१६जी-२एस+ घ्या. १६ गिगाबिट पोर्ट ८-८ च्या दोन गटांत आहेत. प्रत्येक गटामागे स्वतंत्र स्विच चिप आहे आणि तिथून सीपीयूकडे १० गिगाबिटची वाट जाते. दोन्ही एसएफपी+ पोर्टना (मॉड्यूल बसवायच्या खाचांना) प्रत्येकी स्वतःची १० गिगाबिटची वाट आहे. म्हणजे ८ पोर्टची बेरीज ८ आणि वाट १० ची, कुठेही चेपत नाही. ही नीट विचार केलेली मांडणी आहे. पुढचं ओझं फक्त चार कोअरच्या सीपीयूवर येतं.

त्याच मालिकेतला सीसीआर२००४-१जी-१२एस+२एक्सएस वेगळा आहे. त्यात १० गिगाबिटचे १२ आणि २५ गिगाबिटचे २ पोर्ट आहेत, बेरीज १७० गिगाबिट. सीपीयू १.७ गिगाहर्ट्झच्या चार कोअरचा, म्हणजे सेकंदाला ६८० कोटी सायकल. सगळे पोर्ट मोठ्या पॅकेटनी भरले तरी १.३८ कोटी पॅकेट होतात, आणि एका पॅकेटच्या वाट्याला ५०० सायकलसुद्धा येत नाहीत. हा राउटर १७० गिगाबिट वाहण्यासाठी बनवलेलाच नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या, अर्धवट भरलेल्या दहा-बारा फायबर एका जागी गोळा करायच्या असतील तर मात्र तो फार सोयीचा आहे. पोर्टची संख्या आणि वाहण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची गरज वेगवेगळी मोजायची असते.

सीसीआर२११६-१२जी-४एस+ मध्ये १० गिगाबिटचे ४ पोर्ट आहेत. सीसीआर२२१६-१जी-१२एक्सएस-२एक्सक्यू मध्ये २५ गिगाबिटचे १२ आणि १०० गिगाबिटचे २ आहेत. दोन्हींत मेमरी १६ जीबी. पोर्ट कमी पडत असतील तर महागडा राउटर घेण्याआधी शेजारी स्विच लावून व्हीलॅनने (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क चालवून) पोर्ट वाढवता येतात का ते पाहा. अनेकदा तेवढ्यावर भागतं.

दोन लिंक जोडून एक करायची असेल तर हॅश तपासा. दोन राउटरमध्ये फक्त दोनच मॅक पत्ते (हार्डवेअरचे पत्ते) असतात. हॅश मॅकवर ठेवला तर सगळं ट्रॅफिक एकाच तारेवरून जातं आणि दुसरी रिकामी राहते. तिथे आयपी पत्ता आणि कनेक्शनचा पोर्ट क्रमांक धरणारा हॅश लावा. तरीही एकच प्रवाह एका तारेपेक्षा वेगाने जाणार नाही.

पायरी ५: हार्डवेअर ऑफलोड तुमच्या कामाचं आहे का?

सीसीआर२११६ आणि सीसीआर२२१६ मधली स्विच चिप सीपीयूला न विचारता राउटिंग करू शकते. मग पोर्ट पूर्ण वेगाने चालतात आणि सीपीयू झोपलेला दिसतो. पण हे सगळ्यांच्या कामाचं नाही.

पीपीपीओई या चिपमधून जात नाही. ग्राहकांची सेशन ज्या राउटरवर संपतात, त्याला या सोयीचा फायदा मिळत नाही. तिथे कोअरच कामाला येतात. नॅट आणि फास्टट्रॅक (जुळलेल्या कनेक्शनची जलद वाट) चिपमध्ये जातात, पण नोंदींची जागा काही हजारांचीच असते. चार हजार ग्राहकांची प्रत्येकी २०० कनेक्शन धरली तर ८ लाख नोंदी होतात, म्हणजे जवळजवळ सगळं काम पुन्हा सीपीयूवर. चिपमधली राउटची जागाही इंटरनेटच्या पूर्ण यादीपेक्षा कमी असते. जास्त नेमके राउट आधी चिपमध्ये बसतात आणि उरलेले सीपीयूकडे जातात. ही जागा संपण्याचा धक्का जगाने १२ ऑगस्ट २०१४ रोजी घेतला आहे. त्या दिवशी यादी ५१२ के चा (पाच लाखांहून थोडा जास्त) आकडा ओलांडून गेली आणि तेवढीच जागा राखलेल्या अनेक जुन्या राउटरमुळे ठिकठिकाणी इंटरनेट अडखळलं.

फास्टट्रॅक चालू करताना एक इशारा. त्या वाटेने गेलेलं पॅकेट सिंपल क्यूला वळसा घालून जातं. ग्राहकाचा वेग क्यूने बांधला असेल आणि वर फास्टट्रॅक लावला, तर ५० मेगाबिटच्या ग्राहकाला बंधनच उरत नाही. कार्यालयाच्या राउटरवर तो लावा, ग्राहकांच्या राउटरवर नको.

नॅटच्या नोंदी परवान्याच्या अटीप्रमाणे जपाव्या लागतात, आणि प्रत्येक कनेक्शनची ओळ लॉग सर्व्हरला पाठवणं हेही राउटरचंच काम असतं. प्रत्येक ग्राहकाला पोर्ट क्रमांकांचा ठरावीक पट्टा बांधून दिला तर हा भार पुष्कळ उतरतो. शक्य असेल तर राउटिंग, पीपीपीओई आणि नॅट वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवा. दोन मध्यम राउटर एका अवाढव्य राउटरपेक्षा जास्त शांत झोप देतात.

पायरी ६: मॉड्यूल

एसएफपी+ च्या खाचेत बसणारं तांब्याचं १० गिगाबिट मॉड्यूल दोन-तीन वॅट खातं आणि चांगलंच तापतं. अशी दोन मॉड्यूल शेजारी-शेजारी लावू नका. मध्ये एक खाच रिकामी सोडा. एकाच रॅकमध्ये जोडायचं असेल तर डीएसी केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तांब्याची केबल) स्वस्त आणि थंड. इमारतीच्या आत ८५० नॅनोमीटरचं एसआर मॉड्यूल १० गिगाबिटला ओएम३ या मल्टिमोड फायबरवर ३०० मीटर जातं, पण २५ गिगाबिटला त्याच फायबरवर फक्त ७० मीटर. गावातल्या लांब अंतराला सिंगल मोड फायबरवर १० किलोमीटरचं एलआर मॉड्यूल. एकच तार असेल तर १२७० आणि १३३० नॅनोमीटरची बायडी (एकाच तारेवर दोन्ही दिशा चालवणारी) जोडी, आणि दोन टोकांना दोन वेगळी मॉड्यूल आहेत ना, हे खांबावर चढण्याआधी पाहा. ४० किंवा ८० किलोमीटरची मॉड्यूल दोन मीटरच्या पॅचकॉर्डने समोरासमोर लावू नका. मध्ये प्रकाश मंद करणारा ॲटेन्युएटर घाला, नाहीतर रिसीव्हर जळतो.

२५ गिगाबिटची लिंक चढत नसेल तर सगळ्यात आधी दोन्ही टोकांचं एफईसी (चुका दुरुस्त करायची पद्धत) जुळवा. एका बाजूला आरएस आणि दुसऱ्या बाजूला बेस-आर असलं की लाइट पॉवर उत्तम दिसते आणि लिंक तरीही मेलेली असते. १०० गिगाबिटचा क्यूएसएफपी२८ पोर्ट ब्रेकआउट केबलने २५ च्या चार लिंकमध्ये फोडता येतो. राउटरला ते चालतं का, हे केबल मागवण्याआधी विचारून घ्या.

पायरी ७: लावण्याआधी घाम काढा

राउटरवरूनच बँडविड्थ टेस्ट चालवू नका. पॅकेट तयार करण्यातच त्याचा सीपीयू जातो आणि आकडा खोटा येतो. दोन्ही बाजूंना वेगळे संगणक ठेवा आणि मध्ये राउटर. वेग मोजणारं आयपर्फ३ वापरत असाल तर ३.१६ किंवा नंतरची आवृत्ती घ्या, आधीच्या आवृत्तीत समांतर प्रवाहसुद्धा एकाच थ्रेडवर चालायचे. छोट्या पॅकेटचा खरा मारा करायचा असेल तर सिस्कोने मुक्त केलेलं टीरेक्स आहे.

आधी एक प्रवाह चालवा, त्यातून एका कोअरची मर्यादा कळते. मग शंभर चालवा. मग तुमची खरी कॉन्फिगरेशन चढवून, सगळे नियम, क्यू आणि लॉगसकट, पुन्हा तेच करा. प्रत्येक वेळी राउटरओएसच्या प्रोफाइल टूलमध्ये सगळे कोअर वेगवेगळे पाहा: वेळ फायरवॉलमध्ये जातो, क्यूमध्ये की नेटवर्किंगमध्ये, ते तिथे नावानिशी दिसतं. फायरवॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळ जात असेल तर आधीच जुळलेली कनेक्शन स्वीकारणारा नियम यादीत सगळ्यात वर आणा. नको असलेला मारा फायरवॉलच्या रॉ टेबलमध्येच अडवा, म्हणजे कनेक्शन ट्रॅकिंगचा खर्च होण्याआधीच पॅकेट पडतं.

पायरी ८: बदलाची रात्र आणि पुढचा आठवडा

पहाटे तीनला बदल करा. आधी शे-दोनशे ग्राहकांचं एक व्हीलॅन नव्या राउटरवर न्या आणि एक पूर्ण संध्याकाळ जाऊ द्या. देखरेखीत सरासरी सीपीयूचा ग्राफ नको, सगळ्यात जास्त भरलेल्या कोअरचा ग्राफ ठेवा आणि ७० टक्क्यांवर इशारा लावा. त्याच्या शेजारी पॅकेटचा वेग, कनेक्शनची संख्या, पोर्टवर पडलेली पॅकेट आणि तापमान ठेवा. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि एसी बंद पडलेल्या खोलीत त्याहून जास्त. तेव्हा राउटरची कमाल तापमानाची मर्यादा आणि पंख्यातली धूळ या दोन्ही गोष्टी एप्रिलमध्येच पाहून ठेवा. वीजपुरवठ्याची दोन युनिट असतील तर ती दोन वेगळ्या यूपीएसवर लावा.

जुना राउटर लगेच काढू नका. त्याच्या तारांना चिठ्ठ्या लावा, कॉन्फिगरेशनची प्रत काढून ठेवा आणि निदान एक आठवडा, त्यात एक रविवार धरून, तो रॅकमध्ये चालू राहू द्या.